सोलापुरात जुनं घर कमी पैशात नवं करायचंय? छिन्नी-हातोडा उचलायच्या आधी हे वाचा

आमचं घर साखर पेठेत, आजोबांच्या वेळचं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं मोरी, वर लोखंडी गर्डर आणि त्यावर शहाबादी फरशांचं छत, भिंती दगडी आणि दीड फूट जाड. लॉकडाऊननंतर मी परत सोलापूरला राहायला आले तेव्हा डोक्यात एकच होतं की घर मोबाइलमधल्या व्हिडिओसारखं दिसलं पाहिजे, पांढऱ्या भिंती, ओपन किचन, सिलिंगला पट्टीवाले लाइट वगैरे. ठरवलेलं बजेट 4 लाख, झाला खर्च 4 लाख 70 हजार, आणि यातले निदान 60 हजार निव्वळ माझ्या अर्धवट माहितीचे होते. ते तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितेय.

आधीच सांगते, मी आर्किटेक्ट नाही. पाच महिने गवंडी, वायरमन, फरशीवाले आणि पेंटरच्या मागं फिरून जे कळलं तेवढंच सांगणार.

1. पहिले पंधरा दिवस काहीही तोडायचं नाही

खरंच. एक वही घ्या आणि घरात फिरा. कुठल्या भिंतीला ओल येते, कुठल्या खोलीत एप्रिल-मेमध्ये दुपारी बसवत नाही, कुठला प्लग हात लावला की गरम लागतो, पाणी आलं की मोरीत कुठं तुंबतं, हे सगळं लिहून काढा. तुमच्या खऱ्या कामाची यादी हीच. व्हिडिओतली यादी नंतर.

आमच्या यादीत पहिल्या तीन गोष्टी निघाल्या त्या म्हणजे भिंतीला लागलेला लोणा (ओलीसोबत वर येणारा क्षाराचा पांढरा भुगा), लाकडी पट्टीतली जुनी वायरिंग आणि तापणारं छत. यातली एकही गोष्ट फोटोत दिसत नाही. पण या तीन गोष्टी न करता वरून पुट्टी-रंग मारला असता तर दुसऱ्या पावसाळ्यात सगळे पैसे भिंतीवरून पापुद्र्यासारखे खाली आले असते.

2. लागणारी साधनं आणि कागद

साधनं महागडी नाहीत, पण स्वतःची हवीत. 5 मीटरचा टेप, ओळंबा, गुण्या, पारदर्शक लेव्हल पाइप, टेस्टर, खडू, एक रुपयाचं नाणं (कशाला ते पुढं येईल) आणि जाड पुठ्ठ्याची वही. तुम्ही स्वतः टेप घेऊन उभे राहिलात की समोरच्याचं बोलणंच बदलतं, हा माझा अनुभव.

कागद कुठले लागतील हे काम काय करणार त्यावर आहे.

- सिटी सर्व्हेचा उतारा, खरेदीखत किंवा वारस नोंद, चालू वर्षाची घरपट्टीची पावती. महापालिकेत काहीही विचारायला गेलात तरी हेच मागतात.
- लाइट बिल. त्यावर मंजूर भार किती किलोवॅट लिहिलाय ते बघा. एसी आणि गिझर लावणार असाल तर महावितरणकडं भार वाढवायचा अर्ज आधी करा.
- बँकेकडून दुरुस्तीसाठी कर्ज काढणार असाल तर वरच्या सगळ्यासोबत खर्चाचं अंदाजपत्रक, उत्पन्नाचे पुरावे, बँक स्टेटमेंट.
- फ्लॅट असेल तर सोसायटीचं पत्र. आणि पेठेतलं घर असेल तर शेजाऱ्याचा होकार, तो तोंडी असला तरी चालेल पण घ्याच.

शेवटचं गमतीत लिहिलं नाही. पेठेत भिंती सामाईक. आमच्या वायरमननं सामाईक भिंतीत कटर चालवला आणि पलीकडं काकूंच्या देवघरातला गिलावा पडला. चूक आमचीच होती. तो देव्हारा परत करून द्यायला तीन हजार गेले आणि काकूंचा राग जायला संक्रांत उजाडली.

परवानगीचं म्हणाल तर रंग, गिलावा, फरशी बदलणं, ओटा, असल्या आतल्या किरकोळ दुरुस्तीला बांधकाम परवाना लागत नाही. पण भिंत पाडणं, खोली वाढवणं, वर मजला चढवणं, जिना हलवणं यातलं काहीही करायचं असेल तर महापालिकेच्या बांधकाम परवाना विभागात नकाशा टाकावा लागतो. 2020 पासून राज्यात बांधकामाची एकत्रित नियमावली आहे, यूडीसीपीआर म्हणतात तिला, आणि सोलापूरलाही तीच लागू आहे. परवानाधारक इंजिनिअरला विचारून घ्या, गवंड्याच्या "काय होत नाही ओ ताई" वर जाऊ नका.

3. भिंत पाडायच्या आधी वर बघा

ओपन किचनचं माझं वेड इथं संपलं. बैठकीची आणि स्वयंपाकघराची मधली भिंत पाडायची असं गवंड्याशी ठरलं पण होतं. एका ओळखीच्या इंजिनिअरला सहज घरी बोलावलं, त्यानं मान वर केली आणि म्हणाला, गर्डर कशावर टेकलाय बघा. त्याच भिंतीवर! भिंत काढली असती तर वरच्या फरशा आमच्या अंगावर आल्या असत्या.

जुन्या घरात आरसीसीचे कॉलम (सळ्या घातलेले काँक्रीटचे खांब) नसतात, भिंतच सगळा भार घेते. 90 नंतरच्या जुळे सोलापूर वगैरे भागातल्या बांधकामात बऱ्याचदा कॉलम-बीम असतात, तिथं आतली 4 इंची भिंत काढता येऊ शकते, पण तिथंही बीम कुठून गेलाय ते बघायला इंजिनिअरच लागतो. एका व्हिजिटचे पैसे द्या आणि शांत झोपा.

आम्ही काय केलं, भिंत ठेवली आणि आधीपासून असलेल्या दिवळीच्या जागी, तिच्यावरचा दगडी तोडा (वरचा भार घेणारा आडवा दगड) न हलवता, आरपार खिडकी करून घेतली, तीही इंजिनिअर समोर उभा असताना. उजेड आला, आईला स्वयंपाक करताना टीव्ही दिसायला लागला. झालं की ओपन किचन.

4. लोणा, ओल आणि छत

दगड-मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीत जमिनीतलं पाणी वर चढतं, सोबत क्षार आणतं, पाणी वाळतं आणि पांढरा भुगा मागं राहतो. हा लोणा. यावर पुट्टी मारणं म्हणजे गळक्या घागरीला बाहेरून रंग देणं. आणि वरून पक्कं सिमेंट प्लास्टर केलं तर आतली ओल बाहेर पडायला जागा राहत नाही, ती आणखी वर चढते. आमच्याकडं वडिलांनी पूर्वी तेच केलेलं, म्हणून दोन फुटांवरचा लोणा चार फुटांवर गेलेला.

उपाय असा केला. जिथपर्यंत लोणा दिसतो त्याच्या फूटभर वरपर्यंत गिलावा खरवडून काढला, तारेच्या ब्रशनं घासला, महिनाभर भिंत तशीच उघडी ठेवली. मग लक्षात आलं की खालचा दगड इतका सुरेख आहे की झाकायचा कशाला! खालचे साडेतीन फूट दगड उघडाच ठेवला, फक्त सांधे चुना-वाळूनं भरून घेतले. आता घरी येणारा प्रत्येक जण विचारतो की हे स्टोन क्लॅडिंग कुठून आणलं.

छताचं म्हणाल तर सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगू. वरचा मजला नसेल तर गच्चीवर आधी गळती बंद करा, सांधे भरा, आणि मग मार्चमध्येच पांढरं करून टाका. पैसे असतील तर उष्णता परतवणारा पांढरा रंग, अजून असतील तर चायना मोझॅक (पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी), नसतील तर चुना आणि फेविकॉल कालवून दोन हात. आम्ही चुनाच मारला. दर उन्हाळ्याच्या तोंडावर परत मारावा लागतो, पण दुपारी दोनला खोलीत बसता येतं.

आणि पीओपीचं सिलिंग? वरच्या मजल्यावर किंवा एकमजली घरात एक पूर्ण पावसाळा बघितल्याशिवाय करू नका. गळती आत मुरत राहते आणि तुम्हाला कळते तेव्हा पीओपीचा तुकडा ताटात पडलेला असतो. गर्डरचं छत असेल तर मी म्हणेन करूच नका, गर्डरला रेड ऑक्साइड आणि वर काळा मॅट रंग द्या, त्याच्याइतकं मॉडर्न काही दिसत नाही.

5. पाण्याचा हिशोब

हा मुद्दा पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत कुणी सांगत नाही. नव्या गिलाव्याला किमान सात दिवस पाणी मारावं लागतं. आमच्याकडं काम चालू असताना नळाला चार दिवसांनी पाणी यायचं. पहिल्या भिंतीला तिसऱ्या दिवशी पाणी संपलं आणि वर केसासारख्या भेगा पडल्या, तो गिलावा परत काढला.

म्हणून काम सुरू करायच्या आधी पाणी कधी येतं त्याचा वार बघा आणि गिलाव्याचं काम पाणी येणाऱ्या दिवशी धरा. दोन बॅरल जास्तीचे आणून ठेवा. ओली पोती भिंतीला लावली तर पाणी कमी लागतं. बोअरचं पाणी फार क्षाराचं असेल तर तेच मारून परत लोण्याला आमंत्रण देऊ नका.

6. वायरिंग: इथं पैसे वाचवू नका

लाइट-पंख्याला 1.5 एमएमची वायर, साध्या पॉवर प्लगला 2.5, एसी-गिझरला 4. वायरवर आयएसआयचा शिक्का. मेन बोर्डला एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारं बटण) तर लावाच पण सोबत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावा, शॉक बसला तर तो सप्लाय तोडतो. अर्थिंग नवीन करून घ्या, आमच्या जुन्या अर्थिंगची वायर नुसती मातीत खोचलेली निघाली, खाली प्लेटच नाही.

एक फुकटचा सल्ला जो मला फार कामाला आला. भिंतीत झिऱ्या मारून पाइप टाकले की गिलावा व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढून ठेवा. सहा महिन्यांनी खिळा मारताना देव आठवतो नाहीतर.

पॉइंट कुठं हवेत ते खडूनं तुम्ही स्वतः भिंतीवर काढा. वायरमनवर सोडलं तर तो सगळे प्लग दाराच्या मागं देतो, का ते त्यालाच माहीत.

7. फरशी

सोलापूरकरांनो, कृपा करून शहाबादी उखडू नका. शहाबाद आपल्यापासून किती लांब, शेजारच्या गुलबर्ग्याच्या (आताच्या कलबुर्गी) जिल्ह्यात. म्हणून आपल्याला ती घरकी मुर्गी. मीही उखडणारच होते, व्हिट्रिफाइड टाइल्सचं कोटेशन हातात होतं. मग मशीन पॉलिशवाल्याला एक कोपरा करून दाखवायला सांगितला. काळपट, तेलकट फरशीखालून निळसर राखाडी रंग वर आला, हात फिरवला तर गार. दोन खोल्यांचं पॉलिश आणि सांधे भरणं 18 हजारांत झालं.

फक्त दोन गोष्टी. पॉलिश पाण्यावर करतात, त्याची राखाडी रबडी गुडघ्याएवढ्या भिंतीपर्यंत उडते, म्हणून शेवटच्या रंगाच्या आधी उरका. आणि नंतर सीलर मारून घ्या, नाहीतर तेलाचा डाग परत बसतो.

फरशी फुटलेलीच असेल, टाइल्सच घालायच्या असतील तर हिशोब असा. 2 बाय 2 च्या बॉक्समध्ये साधारण 4 टाइल्स म्हणजे साडेपंधरा स्क्वेअर फूट बसतात. 10 बाय 12 ची खोली 120 फूट, म्हणजे 8 बॉक्स, अधिक तुटफुटीला एक. सगळ्या बॉक्सवर बॅच आणि शेड नंबर एकच आहे ना ते दुकानातच बघा. जुन्या फरशीवर नवी चिकटवणार असाल तर अर्धा-पाऊण इंच उंची वाढते, सगळी दारं खालून तासावी लागतात, हे कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही.

बसवल्यावर दुसऱ्या दिवशी ते नाणं घ्या आणि प्रत्येक टाइलला ठोका. पोकळ वाजली की खडूनं फुली. आमच्या बाथरूममध्ये अकरा फुल्या झाल्या.

8. बाथरूम

थोडक्यात: वॉटरप्रूफिंग झालं की नहाणी (पाणी जायची जाळी) बुजवून 24 तास पाणी भरून ठेवा, बाहेरच्या भिंतीला ओल येते का बघा. मगच टाइल्स. जमिनीला खरखरीत टाइल्स, गुळगुळीत नको, घरात म्हातारं माणूस असेल तर अजिबातच नको. टाइल्स बसवायच्या आधी बादलीभर पाणी ओतून उतार नहाणीकडंच जातोय ना ते बघायचं. हे मी बघितलं नाही.

9. ओटा कुणाच्या उंचीचा?

कोटेशनमध्ये ओट्याची उंची 34 इंच होती. सगळीकडं तेवढीच असते म्हणे. आमची आई चार फूट दहा इंच, आणि घरात रोज ज्वारीची भाकरी. आता पोळी लाटायला एक उंची चालते, पण भाकरी थापायला वरून हाताचा जोर लागतो, परात उंच असली की खांदे वर येतात. मी विटांचा थर लावला, वर फळी, फळीवर परात, आणि आईला म्हटलं थाप. 34 वर ती म्हणाली, "हे काय, मी स्टूल घेऊन भाकरी करू का?" एकेक वीट काढत, खाली पातळ फळ्या सारत 30 इंचांवर आलो तेव्हा भाकरी गोल झाली.

मग सगळा ओटा 32 केला आणि गॅसशेजारी दोन फुटांचा भाग 30 वर. मिस्त्री म्हणाला असलं कुठं नसतं. नसू दे की. तुम्हीही तुमच्या घरात जो स्वयंपाक करतो त्याला उभं करूनच उंची ठरवा. ओट्याला ग्रॅनाइट, खाली मांडणीला कडप्पा, आणि बंद मॉड्युलर कपाटं फक्त दोन, बाकी उघडं. कपाटांसाठी प्लाय घेताना शिक्का वाचा: आयएस 303 हा साधा, आयएस 710 हा मरीन. सिंकखाली 710 च. "वॉटरप्रूफ आहे ताई" हा शिक्का नसतो.

10. रंग आणि मापातली मखलाशी

पेंटरनं एका खोलीचं माप दिलं 648 फूट. मी टेप काढला. खोली 10 बाय 12, चार भिंतींची लांबी 44, उंची 10, झाले 440. दार-खिडकीचे 37 वजा, राहिले 403. वर छताचे 120. एकूण 523. त्याचे 125 फूट जास्तीचे कुठून आले? उंची 12 फूट धरलेली आणि दार-खिडकी वजाच नाहीत. विचारल्यावर हसला आणि म्हणाला, "लिहिताना चुकलं असंल." चार खोल्यांत असं चुकलं तर बघा.

रंगाचा क्रम: प्रायमर, पुट्टी दोन हात, घासणं, परत प्रायमर, रंगाचा पहिला हात, मग सुतार आणि फिटिंग, शेवटचा हात सगळ्यात शेवटी. पावसाळ्यात पुट्टी वाळत नाही, दिवाळीच्या आधी पेंटर मिळत नाहीत. फेब्रुवारी-मार्च बेस्ट.

पडदे, गाद्यांचे अभ्रे वगैरे बाहेरून मागवू नका. अक्कलकोट रोड एमआयडीसीत इतके कारखाने आहेत, तिथं जाऊन कापड बघा. एक जुनी लाल-काळी सोलापुरी चादर आजीच्या पेटीत निघाली ती मी पट्टीला लावून बैठकीच्या भिंतीवर टांगलीय. खर्च, दोन हुक. भंगारवाल्याला दारं देऊ नका हे पण इथंच सांगते, सागवानी दार ऑइलपेंट खरवडून टचवुड मारलं की नवं दार त्यापुढं फिकं पडतं. भंगारवाला मात्र तोडफोड सुरू झाली त्याच सकाळी हजर असतो, त्याला कोण सांगतं देव जाणे.

11. माणसं आणि पैसे

काम दोन प्रकारे देतात, रोजानं किंवा गुत्त्यानं. तोडफोड आणि लोण्याचं काम रोजानं द्या कारण आत काय निघेल कुणालाच माहीत नसतं. फरशी, रंग, ओटा गुत्त्यानं, म्हणजे फुटावर दर ठरवून. मटेरियल शक्यतो तुम्ही आणा. वाळू-कच ब्रासवर येते, एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, गाडी आली की हौद्याचं माप घ्या.

वहीत एका पानावर काम, दर, कधी संपणार, उचल किती दिली, खाली सही. वकिली भाषा नको. एकदम मोठी उचल देऊ नका, कामाच्या टप्प्यानं द्या आणि शेवटचे 10 टक्के काम संपल्यावर पंधरा दिवसांनी.

तारखांचं एक. आपल्याकडं मिस्त्री मराठी, कानडी, तेलुगू तिन्ही बोलतात आणि तिन्हीत "उद्या" म्हणतात. आमचे गवंडी मामा म्हणायचे "नाळे बर्तीनि री", उद्या येतो. मला आधी वाटायचं नाळे म्हणजे उद्या. महिन्याभरानं कळलं की नाळे म्हणजे आज नाही, एवढंच. जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते तेव्हा तर कामाचं नावच काढू नका, नंदीध्वज निघालेले असताना तुमच्या मोरीला कोण येतंय. लग्नसराईतही तेच. दोन महिन्यांचं काम म्हणाले तर चार धरा, मला पाच लागले.

हिशोब सांगायचा तर लोणा-गिलावा-गच्ची 85 हजार, वायरिंग 62, फरशी 18, बाथरूम 95, ओटा-किचन 1 लाख 10, रंग 58, आणि 42 हजार किरकोळ, ज्यात चहा, राडारोडा उचलणारा टेंपो, काकूंचा देव्हारा आणि दोनदा केलेली कामं. तुमच्या बजेटमधले 15-20 टक्के याच किरकोळसाठी आधीच बाजूला काढून ठेवा, ते लागणारच आहेत.

12. ताबा घेताना

सगळे नळ एकदम सोडा. सगळे दिवे, पंखे, गिझर एकदम लावा, एमसीबी पडतो का बघा. दारं-खिडक्या उघडून मिटून बघा. नाणं परत फिरवा. बाथरूममध्ये बादली ओता.

आमचं पाणी दाराकडं आलं. फार नाही, बोटभर ओघळ, पण बैठकीच्या नव्या पॉलिश केलेल्या फरशीपर्यंत. मी मामांना फोन केला, ते म्हणाले नाळे बर्तीनि. मी म्हटलं या सावकाश, राहिलेले साडेनऊ हजार पण तेव्हाच घेऊन जा. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला दार वाजलं, आईची भाकरी अजून तव्यावर होती.